कोचीत कान उघडे ठेवून

सोमवार

कोचीचं बिएनाले नावाचं कलाप्रदर्शन पाहायला मी आणि आत्या नेत्रावती एक्स्प्रेसने एर्नाकुलमला उतरलो आणि सामानासकट थेट बोटीच्या धक्क्यावर गेलो. फोर्ट कोचीला रस्त्यानेही जाता येतं, टॅक्सीवाले तसा आग्रह धरतात, पण पूल आणि ट्रॅफिकच्या नादी लागण्यापेक्षा सरकारी बोट बरी. तिकीट तेव्हा ४ रुपये. खिडकीवर बायकांची रांग वेगळी आणि आखूड. पुरुषांची रांग जागची हलायच्या आत आत्या दोन तिकिटं घेऊन आलीसुद्धा.

ही आत्या म्हणजे मुंबईच्या ट्रंक एक्स्चेंजमधली, परगावचे फोन हाताने जोडून देणारी, जुनी ऑपरेटर. घरोघरी एसटीडी यायच्या आधी मशीद बंदरच्या मसालेवाल्यांचे कोचीचे कॉल तिने लावून दिलेत. ऑर्डिनरी, अर्जंट, सगळ्यात तातडीचा लाइटनिंग, आणि ठरावीक माणसालाच बोलवायचा पीपी. नोकरीचा बराच काळ कानाला हेडफोन असल्याने तिला आवाज चेहऱ्याआधी ओळखू येतात. एर्नाकुलम हे गाव मात्र तिने आजवर फक्त उच्चारलं होतं.

बोटीत ती इंजिनाजवळच्या बाकावरच बसली. सुकाणूवरचा सारंग वर, इंजिनवाला खाली, दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सारंग दोरी ओढतो, खाली घंटा वाजते, आणि ठोक्यांवरून इंजिनवाला वेग वाढवतो, उतरवतो, बोट मागे घेतो. धक्का जवळ आला तशी घंटा घाईने वाजू लागली. आत्या म्हणाली, "हे तुझ्या त्या प्रदर्शनात आहे का?" नव्हतं. असायला हरकत नव्हती.

प्रदर्शन म्हणजे कोची-मुझिरिस बिएनाले, दर दोन वर्षांनी भरणारं. बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू या दोघा चित्रकारांनी ते सुरू केलं. दोघेही मूळचे केरळचे, पण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि कलाकार म्हणून मुंबईत वाढले, त्यामुळे मुंबईकर या उपक्रमाला अर्धा आपलाच मानतात. पहिली खेप १२-१२-२०१२ला उघडली. ही चौथी खेप १२ डिसेंबर २०१८ला सुरू झाली. क्युरेटर, म्हणजे कामांची निवड आणि मांडणी करणाऱ्या, अनिता दुबे, या बिएनालेच्या पहिल्या स्त्री क्युरेटर. त्यांनी विषय घेतलाय तो साधारण 'परात्म न होता जगण्याच्या शक्यता' असा. परात्म म्हणजे स्वतःपासून आणि इतरांपासून तुटलेला. नाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरकेल हे खरं, पण कामं नावाइतकी जड नाहीत.

मुझिरिस हे प्राचीन बंदर. रोमन जहाजं मिरी न्यायला तिथे येत. १३४१च्या महापुरात पेरियार नदीने ते बंदर गाळाने बुजवलं आणि कोचीचं मुख मोकळं केलं, असं मानलं जातं. आणि आम्ही गेलो ते वर्षही पुराचंच. २०१८च्या ऑगस्टमध्ये केरळ बुडालं होतं आणि चारच महिन्यांत हे प्रदर्शन उभं राहिलं. होमस्टेच्या मालकीणबाईंनी चहा देताना पहिली गोष्ट सांगितली ती पुराची, बिएनालेची दुसरी.

संध्याकाळी मासेमारीची चिनी जाळी पाहिली. सगळे पाहतात.

मंगळवार

दिवस आस्पिनवॉल हाउसचा. जॉन आस्पिनवॉल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७मध्ये सुरू केलेली पेढी. खोबरेल, मिरी, लाकूड, गवती चहाचं तेल, आलं, हळद, पुढे काथ्या आणि चहा-कॉफी असं सगळं इथून जहाजावर चढलं. आता नुसत्या वखारी, कचेऱ्या आणि मधलं मोठं आवार. समुद्राच्या बाजूच्या खिडक्यांतून पलीकडे वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या क्रेन दिसतात, आणि एखादं जहाज इतक्या जवळून सरकतं की क्षणभर खिडकीच बंद झाल्यासारखी वाटते.

शिल्पा गुप्ता यांचं काम पाहण्यासाठी, म्हणजे ऐकण्यासाठी, मी मुख्यतः आले होते. त्या मुंबईच्या, जे. जे.च्याच विद्यार्थिनी. काळोखी खोली. उभ्या लोखंडी सळ्यांच्या रांगा, एकूण १००. प्रत्येक सळीच्या टोकावर एक छापील कागद भोसकलेला, जुन्या दुकानात बिलं खोचायची तार असते तसा. प्रत्येक कागदाच्या वर छतातून एकेक माइक लोंबतो. कागदावर एका कवीच्या ओळी, आणि तो कवी आपल्या लिहिण्यापायी कधी ना कधी तुरुंगात गेलेला. आठव्या शतकापासून आजपर्यंतचे असे १०० कवी. शीर्षक घेतलंय ते चौदाव्या शतकातल्या नसीमी या अझरबैजानी कवीकडून. तुझ्या भाषेत मी मावत नाही, अशा अर्थाचं.

गंमत माइकची. त्यात बोलायचं नसतं, तोच बोलतो. आतली जोडणी उलटी करून माइकचाच स्पीकर केलाय. कुठल्यातरी कोपऱ्यातला एक माइक हलक्या आवाजात एखादी ओळ म्हणतो. मग आजूबाजूचे ती उचलतात, पुन्हा म्हणतात, खोलीभर ती ओळ फिरते आणि विरते. मग दुसरीकडे दुसरी भाषा. अरबी, रशियन, स्पॅनिश, अझेरी, इंग्रजी, हिंदी. हिंदी आली की लगेच कळतं कोण आपल्यातलं आहे. खोलीतल्या निम्म्या माना त्या दिशेला वळतात.

आत्याने आत आल्याबरोबर विचारलं, "उलटा माइक ना?" मी भिंतीवरची माहिती वाचून जे सांगणार होते ते तिने ऐकूनच ओळखलं. तिचं म्हणणं, फोनच्या रिसीव्हरमध्ये ऐकायचा भाग आणि बोलायचा भाग वेगळे, तरी जुन्या लायनीवर कधीकधी ऐकायच्या भागात मोठ्याने बोललं तर पलीकडे बारीक का होईना, पोचायचं. चुंबक आणि तारेची गुंडाळी. पडदा हलला की वीज तयार होते, आणि वीज सोडली की पडदा हलतो. दोन्ही बाजूंनी चालणारी गोष्ट. सरकारने माइक काढून घेतलेल्यांना गुप्ताबाईंनी माइकमधूनच बोलायला लावलं, हे तिला एका वाक्यात उमगलं. मला ते कळायला भिंतीवरचा परिच्छेद लागला असता.

आम्ही तिथे बराच वेळ बसलो. लोक येत, दाराशी थांबत, मोबाइल वर धरून त्या सळ्यांच्या रांगांचा फोटो घेत आणि जात. फोटो देखणा येतो यात वाद नाही. रांगा, मंद दिवे, लोंबते माइक. पण जे काम मुळात आवाजाचं आहे त्याचा फोटो म्हणजे जेवणाऐवजी ताटाचा फोटो. एक माणूस बायकोला म्हणाला, "माइक टेस्टिंग चाललंय बहुतेक." त्याची चूक नाही. एका माइकपासून दुसऱ्यापर्यंत ओळ पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही तो थांबला नव्हता.

सू विल्यमसन या दक्षिण आफ्रिकेच्या. त्यांच्या खोलीत छताला जाळी टांगलेली, जाळ्यांत काचेच्या बाटल्या अडकलेल्या. एकेक जाळं म्हणजे गुलाम वाहून नेणारं एकेक जहाज. बाटल्यांवर माणसांची नावं कोरलेली आणि बाटल्यांमधून पाणी ठिबकतंय. थेंब, थोडं थांबून आणखी एक थेंब, मग दोन एकदम. तासन्‌तास हेच. स्पीकर नाही, रेकॉर्डिंग नाही, पण माझ्या लेखी हे शिल्पा गुप्तांच्या खोलीइतकंच आवाजाचं काम. बाहेर आवारात त्यांचंच दुसरं काम: दोऱ्यांवर वाळत घातल्यासारखे पांढरे कपडे, ११९. डच ईस्ट इंडिया कंपनीने भारतातून केपटाउनला नेऊन विकलेल्या माणसांचे तपशील त्यांवर शाईने लिहिलेले. नाव, वय, किंमत. यांतली कित्येक माणसं याच मलबार किनाऱ्यावरून गेली. समुद्राचा वारा सुटला की सगळे कपडे फडफडतात. आत्या खालच्या ओळीतली वयं वाचत गेली आणि मधेच वाचायची थांबली.

बांगलादेशच्या मार्झिया फरहाना यांनी पुरात वाया गेलेल्या घरगुती वस्तू छताला टांगल्यात. फ्रिज, टीव्ही, कपाटं, फुगलेली पुस्तकं. इथे आवाज काहीच नाही. स्थानिक लोक या खोलीत जास्त वेळ थांबत होते. एका काकांनी एका मिक्सरकडे बोट दाखवून बायकोला काहीतरी सांगितलं आणि दोघं हसली. हसण्यासारखं काय होतं ते त्यांनाच ठाऊक, पण पूर त्यांच्या घरात शिरला होता, माझ्या नाही.

ब्राझीलच्या विवियन काकुरी मुळात ध्वनिकलावंत. त्यांनी विषय घेतलाय डास. मच्छरदाणीच्या जाळीवर भरतकाम केलंय, आणि डासाच्या गुणगुणण्याची माणसाला जी धास्ती वाटते तिच्यामागे हिवताप, पीतज्वर आणि वसाहतींचा इतिहास कसा दडलाय हे त्या शोधतात. कोचीत हा विषय समजावून सांगायची गरज नाही. डासांमुळेच होणाऱ्या हत्तीरोगाला इथले इंग्रज 'कोचीन लेग' म्हणत. आदल्या रात्री आम्हीही कॉइल लावून झोपलो होतो.

एक तक्रार नोंदवते. व्हिडिओ फार आहेत आणि त्यांतले बरेच लांब. शेजारशेजारच्या खोल्यांत मधे फक्त काळा पडदा, त्यामुळे एका फिल्ममधलं भाषण दुसरीतल्या शांततेत घुसतं. हेडफोन ठेवलेत तिथे मोजकेच. एवढ्या फिल्म लावायच्या तर बसायला पाठ टेकता येईल असा बाक तरी द्यावा. आत्याच्या गुडघ्यांचं मत याहून कडक होतं.

बुधवार

आज प्रदर्शनाच्या जागा सोडून एर्नाकुलमच्या जनरल हॉस्पिटलमध्ये गेलो, तेही कुणी आजारी नसताना. बिएनाले फाउंडेशन २०१४पासून तिथे दर बुधवारी गाण्याचा कार्यक्रम करत आलं होतं, 'आर्ट्स अँड मेडिसिन' नावाचा. तो बिएनालेच्या तीनचार महिन्यांपुरता नव्हता, वर्षभर चालायचा. सोबत मेहबूब मेमोरियल ऑर्केस्ट्रा. हे मेहबूब म्हणजे मट्टांचेरीचे गायक, दख्खनी बोलणाऱ्या घरातले. लग्नघरांतून आणि मैफलींतून गात मोठे झाले, मल्याळी सिनेमांतही गायले आणि १९८१मध्ये गेले. त्यांच्यामुळे आणि त्यांच्यासारख्यांमुळे या भागात गझल-मैफलींचा नाद अजून टिकून आहे. कोचीत जुनं हिंदी गाणं ऐकू आलं तर ते पर्यटकांसाठी लावलंय असं समजू नये.

व्हीलचेअरवर बसलेले, हाताला सलाइनची सुई टोचलेले, डबा घेऊन आलेले नातेवाईक, ड्यूटी संपवून पाच मिनिटं टेकलेल्या नर्स. गाणारे हौशी, काही चांगले, काही बेताचे. एक मल्याळी गाणं, एक हिंदी, असं आलटूनपालटून. लताबाईंचं गाणं सुरू झालं तसं आत्याच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सलाइन नसलेल्या हाताने मांडीवर ताल धरला. आत्याने तिच्याकडे बघून मान डोलावली, तिनेही. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. गाणाऱ्याने वरच्या पट्टीतली जागा चुकवली तेव्हा दोघींनी एकाच वेळी तोंड वाकडं केलं.

कलासमीक्षेत याचा उल्लेख क्वचितच येतो, कारण भिंतीवर लावण्यासारखं इथे काही नाही. पण 'परात्म न होता जगणं' यातलं थोडंफार मला दिसलं असेल तर ते या दालनात.

दुपारी झोप. ऊन फार होतं.

गुरुवार

मट्टांचेरी. फोर्ट कोचीहून बझार रोडने चालत गेलो. एकीकडे खाडी, दुसरीकडे वखारी. लसूण, सुंठ, मिरची, तांदूळ. हमाल पोती पाठीवर घेऊन टेम्पोकडे जातात आणि वाट मोकळी करायला तोंडाने एक आवाज काढतात, जो लिहून दाखवता येणार नाही. ज्यू टाउनमध्ये शिरलो की मसाल्याची जागा पश्मिना आणि जुन्या पितळेची दुकानं घेतात. इथेच मिरीच्या वायदेबाजाराची इमारत आहे. १९५७पासून इथे मिरीचे सौदे व्यापारी ओरडून करायचे, पुढे व्यवहार कॉम्प्युटरवर गेले आणि ओरडा थांबला. आत्याला ही इमारत सिनेगॉगपेक्षा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापेक्षा, महत्त्वाची वाटली. मशीद बंदरचे शेठ सकाळी सकाळी लाइटनिंग कॉल का लावायचे ते तिला आता कळलं: भाव इथे फुटायचा. १५६८चं सिनेगॉग, त्यातल्या चिनी निळ्या फरश्या हे सगळंही पाहिलं, रांगेतून.

मग आनंद वेअरहाउस. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिज यांचं काम. लांबलचक वखारीत आठ पडदे एका ओळीत, आणि त्यांवरून एक मिरवणूक चालत जाते. कोळशाने काढलेला उजाड मुलूख मागे, आणि पुढून काळ्या सावल्यांसारखी माणसं. ब्रासबँड. सलाइनचे स्टँड ओढत निघालेले रुग्ण. ओझी घेतलेली माणसं. भाषण ठोकणारे पुढारी. नाचणारे सांगाडे. शेवटाकडे एका गाड्यावर बंदूक घेतलेली नर्तकी, पायाच्या बोटांवर उभी. पंधराएक मिनिटांत सगळी वरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निघून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आवाज येतो तो जुन्या भोंग्यांसारख्या कर्ण्यांतून, त्यामुळे बँड कुठूनतरी गल्लीतून येतोय असं वाटतं.

हे काम २०१५मध्ये ॲमस्टरडॅमच्या चित्रपट संग्रहालयासाठी केलं होतं. तिथे ते गुळगुळीत भिंतींच्या आत असणार. इथे छपराला कौलं, भिंतीला ओल, हवेत सुंठेचा वास आणि बाहेर खऱ्या हमालांचा आवाज. मधेच बाहेर एका टेम्पोने रिव्हर्स घेतला आणि त्याचं 'पीं पीं' बँडच्या तालात असं काही मिसळलं की दोघातिघांनी मागे वळून पाहिलं. बंद खोलीतल्या फिल्मांमध्ये बाहेरचा आवाज घुसला की त्या बिघडत होत्या. हिला तो सामावून घेता येत होता, कारण मिरवणुकीत कुणीही सामील व्हावं. माझी सबंध बिएनालेतली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. आत्याला सांगाडे आवडले नाहीत, बँड आवडला, आणि त्यासाठी ती पुन्हा पहिल्यापासून पाहायला तयार झाली.

इथे लहान मुलं कमालीची रमतात. एक छोटी पडद्यासमोरून, स्वतःच्या सावलीची पर्वा न करता, बँडबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. रखवालदाराने अडवलं नाही, उलट तिच्या बापाला थांब म्हणून खुणावलं.

परतताना चेरलाईच्या बाजूने आलो, तिरुमला देवस्वमच्या देवळावरून. पोर्तुगिजांच्या काळात गोवा सोडून आलेल्या गौड सारस्वतांची ही वस्ती. पापड-लोणच्याच्या एका दुकानात मालक गल्ल्यावरून मुलाशी कोकणीत बोलत होते. आत्याने सरळ मराठीत आवळ्याच्या लोणच्याचा भाव विचारला, त्यांनी कोकणीत सांगितला. चार-पाच शतकं मल्याळम कानावर पडलेली ती कोकणी, हेल गोव्याचा नव्हेच, तरी व्यवहार सुरळीत झाला. यांच्यातल्याच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान रीडला मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथासाठी मदत केली. १६७५मध्ये त्यांनी कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला १६७८च्या पहिल्या खंडात छापलेला आहे. दुकानदारांना हे तोंडपाठ होतं. गिऱ्हाईक मुंबईचं दिसलं की ते हे सांगत असावेत, आणि सांगावंच.

शुक्रवार

सकाळी कब्राल यार्डात. इथे 'एडिबल आर्काइव्ह्ज' म्हणून एक स्वयंपाकघरच मांडलंय. ठिकठिकाणच्या देशी वाणांचा भात रांधून वाढतात आणि चवीतला फरक समजावून सांगतात. लाल भाताला दाताखाली येणारा टणकपणा असतो तो आम्हा दोघींनाही आवडला. कोलकात्यात रिक्षा चालवणारे बापी दास यांचं बारीक धाग्यांचं भरतकामही पाहिलं. आरशातून, रिक्षाच्या काचेतून दिसणारं शहर, डोळे जवळ नेल्याशिवाय टाके दिसत नाहीत इतकं बारीक.

शेवट इराणी कलावंत शिरीन नेशात यांच्या १९९८च्या 'टर्ब्युलंट' या फिल्मवर. समोरासमोर दोन पडदे, प्रेक्षक मधे. एका पडद्यावर पुरुष गातो, सभागृह पुरुषांनी भरलेलं. तो रूमीची रचना गातो, टाळ्या घेतो. दुसऱ्या पडद्यावर बाई पाठमोरी उभी, सभागृह रिकामं. त्याचं संपल्यावर ती सुरू करते. शब्द नाहीत. घशातून, श्वासातून, कधी किंचाळी, कधी पक्ष्यासारखं काहीतरी. कॅमेरा तिच्याभोवती फिरू लागतो आणि समोरच्या पडद्यावरचा गायक अवाक् होऊन ऐकत राहतो. इराणमध्ये बाईने सार्वजनिक ठिकाणी एकटीने गाण्यावर बंदी, हे त्याच्यामागचं कारण. १९९९मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत या कामाला सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला.

मधे बसलेल्याची अडचण अशी की दोन्ही पडदे एकदम दिसत नाहीत. तिच्याकडे पाहिलं तर त्याचा चेहरा चुकतो. मी मान वळवत राहिले. आत्याने मात्र पहिल्यापासून बाईकडे तोंड करून बसायचं ठरवलं होतं, त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर आमचं वाजलं. माझं म्हणणं, त्याचा थक्क चेहरा हाच त्या कामाचा कळस. तिचं म्हणणं, तो थक्क झाला की नाही याच्याशी त्या गाणारीला काय करायचंय, तिला गायचं होतं ते ती गायली.

"आणि त्याला ऐकू येत होतं ना? मग झालं. तोंड कशाला बघायचं?"

यावर मी काही बोलायच्या आत बोट आली आणि ती पुढे जाऊन इंजिनाजवळची जागा धरून बसली. वाद अजून मिटलेला नाही. ती बिएनाले २९ मार्च २०१९ला संपली. ज्यांनी ती पाहिली त्यांनी आमच्यातलं कोण बरोबर ते कळवावं. पुढच्या एखाद्या खेपेला गेलात तर शनिवार-रविवार टाळा, आणि मट्टांचेरीला रिक्षाने न जाता बझार रोडने चालत जा.